पत्ता लागू न देता

ऑफिसात माझ्या पडद्यावर एक म्हातारा हसत होता. हसण्यासारखं काही झालेलं नव्हतं. मी टपालाची पेटी उघडली होती आणि उजव्या कडेला, जिथे आदल्या दिवसापर्यंत चपलांच्या जाहिराती येत, तिथे हा येऊन बसला होता. पांढरे केस, कानामागे शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि खाली ओळ, 'पुन्हा ऐका आपल्या माणसांना.' मी घाईने खिडकी बंद केली, पण शेजारच्या टेबलावरची रेडिओ तोवर वाकली होती. तिचं नाव वेगळं आहे, पण तिच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यावर जाते म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो आणि तीही त्याला ओ देते. "अगं, हे आजोबा कोण? स्थळ आलंय की काय?" ती म्हणाली. मी हसले. तिने माझ्या डाव्या बाजूने विचारलं होतं. मला 'आजोबा कोण' एवढंच ऐकू आलं, 'स्थळ' मी तिच्या ओठांवरून आणि बाकीचं तिच्या स्वभावावरून घेतलं. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी ऑफिसातल्या संगणकाला फक्त एक प्रश्न विचारला होता, डाव्या कानाने कमी ऐकू येत असेल तर काय करावं, आणि उत्तर न वाचताच पुसून टाकला होता. भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. भिंतीला तोंडही असतं हे त्या सकाळी कळलं.

लोकांचं हातावर पोट असतं, माझं कानावर आहे. सभा, चर्चासत्रं, चौकशी समित्या, व्याख्यानं, जे कुणी रेकॉर्ड करून ठेवतं ते आमच्याकडे येतं आणि आम्ही ते ऐकून टाइप करतो. कानांवर हेडफोन, पायाखाली एक पट्टी. पट्टी दाबली की बोलणारा माणूस दोन शब्द मागे जातो आणि तेच पुन्हा बोलतो. इतकी वर्षं हे केल्यावर न पाहिलेली माणसंही ओळखू येतात. कवळी हलणारे अध्यक्ष, वाक्य संपायच्या आत श्वास संपणारे सचिव, 'थोडक्यात सांगतो' म्हणून पाऊण तास घेणारे पाहुणे. म्हणजे येत असत. मग हेडफोनची डावी बाजू बसली. मी तक्रार केली, दुरुस्तीवाला आला, त्याने तो स्वतःच्या कानांना लावला, उलटा करून पुन्हा लावला आणि म्हणाला, "मॅडम, हेडफोन ठणठणीत आहे." पुढचं वाक्य तो बोलला नाही. भला माणूस. ते मी घरी जाताना जिन्यात स्वतःशीच बोलले आणि लगेच दुसरा विचार करायला लागले, भाजी काय करायची वगैरे. पण अक्षरं गळायला लागली होती. आधी स आणि श, मग च, मग ह. एका संस्थेच्या सभेत 'अध्यक्षांनी हरकत घेतली' असं कुणीतरी म्हणालं त्याचं मी 'अध्यक्षांनी बरकत घेतली' केलं आणि ते तसंच छापून सगळ्या सभासदांना गेलं. अध्यक्षांवर आधीच पैसे खाल्ल्याचा आरोप होता. ऑफिसभर हसू झालं, मी सगळ्यांत मोठ्याने हसले. साहेबही हसले, पण हसणं आवरल्यावर म्हणाले, "हल्ली ऐकून टाइप करणारी यंत्रं आलीत. आपण माणसं ठेवलीत ती कानांसाठी, एवढं लक्षात असू द्या." ते सगळ्यांना म्हणाले, बघत मात्र माझ्याकडे होते, असं मला वाटलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे कुणालाही कळता कामा नये, पण मला सगळं कळलं पाहिजे.

आणि नेमकं हेच कसं करायचं ते मी एकदा टाइप केलेलं होतं. एका ग्रंथपाल बाईंचं व्याख्यान होतं ते. आवाज जाड, मध्येच पाणी पिण्याची सवय, समोर बहुधा दहाबारा माणसं आणि एक खोकणारा. त्या सांगत होत्या की इंटरनेटवर आपण दुकानात जातो तसे जात नाही, गळ्यात नाव-पत्त्याची पाटी अडकवून जातो. पण एक ब्राउझर आहे, जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, मुक्त, म्हणजे पैसे तर नाहीतच, शिवाय त्याच्या आतलं सगळं कुणीही उघडून तपासावं. तो तुमची विनंती लिफाफ्यात घालतो, तो लिफाफा दुसऱ्यात, तो तिसऱ्यात, आणि तीन अनोळखी माणसांच्या हातून पाठवतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते नाही, शेवटच्याला कुठे ते कळतं पण कोण ते नाही, मधल्याला तर काहीच नाही. लिफाफे एकामागून एक सोलले जातात म्हणून त्याचं चिन्ह कांदा. खोकणाऱ्याने विचारलं होतं, "पण बाई, माणसाने काही वावगं केलंच नसेल तर लपवायचं कशाला?" त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आंघोळीला जाताना दार लावता ना? आत काय गुन्हा करता?" तिथे हशा आहे. मी कंसात 'हशा' असं टाइप केलं होतं आणि पट्टी दाबून तेवढं तीनदा ऐकलं होतं, कामासाठी नव्हे.

घरी आमच्या दोन खोल्या, एक आतली एक बाहेरची. आतल्या खोलीत माझा पलंग, जुना संगणक आणि कपाटाशेजारी आईचं शिवणयंत्र, तिच्यामागे कुणी न उघडलेलं. बाहेरच्या खोलीत अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. छापखान्यात मशीनवर होते, निवृत्त झाले, आई गेली, आणि त्यानंतर त्यांनी बोलणं हळूहळू बंद केलं. भांडण नाही, काही नाही. 'हं' म्हणत. एका रविवारी दुपारी, अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसलेले असताना, मी तो ब्राउझर उतरवून घेतला. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे, चोरवाटेला असावा तसा अंधार बिंधार. तसलं काही नव्हतं. जांभळट पडदा, एक पट्टी, जोडतोय जोडतोय असं म्हणत थोडा वेळ घेतला आणि मग गप्प माझ्याकडे बघत राहिला. नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही, 'पुन्हा स्वागत आहे' म्हणाला नाही. मी पहिला शब्द हवामान असा टाकला आणि त्याने मला कुठल्यातरी बर्फाळ गावाचं तापमान सांगितलं. त्या गावची समजत होता मला! दुसऱ्या पानाने ओळखीच्या नसलेल्या लिपीत काहीतरी आग्रहाने विचारलं. तिसऱ्याने मी माणूस आहे की यंत्र याची खात्री करायला सिग्नलचे खांब असलेले चौकोन निवडायला लावले, आणि मी निवडत बसले. शाळेतल्यासारखं वाटलं मला, जीभ किंचित बाहेर काढून. चपला नाहीत, म्हातारा नाही. एका बाजूला मोटारीचे बर्फावर चालणारे टायर विकायला ठेवले होते. कधी नव्हे ते मला काहीच विकत घ्यावंसं वाटत नाही हे कुणाला तरी न सांगता कळलं होतं. तिथे एक बटण आहे, 'नवी ओळख'. ते दाबलं की सगळं मिटतं आणि तुम्ही दुसऱ्याच देशातून नव्याने आत येता. मी ते उगाचच पुन्हा पुन्हा दाबलं. मग दार लोटून घेतलं आणि कान हा शब्द टाकला.

किती वाचलं त्याला सुमार नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखं काहीतरी असतं आणि त्यात गवतासारखे केस, ते एकदा आडवे झाले की उठत नाहीत. दुसऱ्या एका प्रकारात इवलीशी हाडं एकमेकांना चिकटतात, आणि त्याला उपाय असतो. मला कुठला प्रकार आहे ते कुणाला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं आणि विचारायचं तर नव्हतंच. पण भीती वाचता वाचता जरा बाजूला सरकून बसली आणि तिच्या जागी नुसतं कुतूहल आलं हे खरं. स्वतःच्या डोक्यात एवढी नाजूक यंत्रसामग्री इतकी वर्षं भाडं न देता राहत होती आणि आपण कधी चौकशीही केली नाही, असं वाटत राहिलं. मान वर केली तर अण्णा दारात उभे. "हा कांदा कसला?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं. दार उघडल्याचं मला ऐकू आलं नव्हतं. डावीकडेच होतं ते. मी पान मिटवून सगळं सांगितलं, लिफाफे, तीन माणसं, आंघोळीचं दार. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "फुकट?"

"फुकट."

"फुकट ते पौष्टिक. माझ्या मोबाइलवर टाकून दे."

मी टाकून दिला आणि तिथून माझी झोप उडाली म्हणायला हरकत नाही. या माणसाला काय लपवायचं असेल? सकाळी वर्तमानपत्र, दुपारी डुलकी, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालणं आणि परत. घरात मी एकटी, आणि माझ्यापासून लपवण्यासारखं बोलणंच मुळात होत नव्हतं. मी विचारायचे, "अण्णा, बिल भरलंत का?" ते म्हणायचे, "ठेव तिकडे." मी म्हणायचे, "उद्या पाणी नाही येणार." ते म्हणायचे, "येऊ दे, येऊ दे." मी ठरवून टाकलं होतं की त्यांना माझ्यात रस उरलेला नाही, आणि कधी कधी चिडून मीही उत्तरं द्यायचे नाही. आता ते संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमध्ये डोकं घालून बसत, मी खोलीत आले की पडदा उपडा करत आणि चेहऱ्यावर असा काही शांतपणा आणत की चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी भांडी घासताना, बसमध्ये, सभांमधले ठराव टाइप करताना याच विचारात. लॉटरी? जमीन? एखादी बाई? ही शेवटची शक्यता मला फार आवडली आणि मी तिच्यावर बराच वेळ घालवला. एकदा ते आंघोळीला गेले असताना मी मोबाइल उचलून ब्राउझर उघडलाच. कोरी जांभळी पाटी. बंद केल्यावर काही आठवत नाही हीच तर त्याची थोरवी, मीच दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कौतुकाने समजावली होती. आत आंघोळीचं दार लावलेलं होतं आणि बाहेर मी उभी.

आपल्या भाषेत कानाबद्दल बोलणारी जागा शोधायला गेलं तर एकच सापडते. 'कमी ऐकणाऱ्यांचा कट्टा' असं नाव आहे, रंगसंगती भयंकर आहे, माणसं गोड आहेत. टोपणनावाने लिहितात. कुणी 'काय म्हणालात', कुणी 'घंटानाद', एक बाई 'पुन्हा सांगा'. दुकानदाराने चुकीचे पैसे सांगितले म्हणून झालेली भांडणं, नातवंडांचे बारीक आवाज, यंत्र कानात घातल्यावर पहिल्यांदा ऐकू आलेला स्वतःच्या चपलांचा आवाज. मी नुसती वाचत असे, नाव न घेता, कडेला उभं राहून. तिथे 'उजवा' नावाचा एक जण होता. आधी मला वाटलं राजकारणातला असेल आणि मी त्याला टाळत असे. मग त्याचं पहिलं लिखाण वाचलं तर 'डावा गेला, उजवा उरला, म्हणून नाव उजवा' असा खुलासा होता. बरं लिहीत होता. छोटी वाक्यं, कुरकुर नाही, मधूनच टोला. एके ठिकाणी कुणीतरी विचारलं होतं की कानात सतत आवाज येतो तो कसा, कुणाला शिट्टी, कुणाला पंखा. उजव्याने लिहिलं होतं, 'मला शिट्टी नाही. मला मुंगसूर लागतो. रात्री जास्त.' आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. एवढंच केलं. उभी राहिले आणि शिवणयंत्राच्या झाकणावर हात ठेवला.

मुंगसूर हा शब्द नाही. म्हणजे कुठल्याही शब्दकोशात तो सापडणार नाही. मी पाचसहा वर्षांची असताना एका संध्याकाळी वीज गेली, पंखा थांबला, सगळं थांबलं, आणि त्या शांततेत माझ्या कानात काहीतरी बारीक वाजायला लागलं. पायाला मुंग्या येतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं, "अण्णा, माझ्या कानाला मुंग्या आल्यात. आणि त्या गातायत." अण्णा नुकतेच कामावरून आलेले, हाताला शाई, अंगाला रॉकेलचा वास, कारण शाई ते रॉकेलने काढत. ते हसले नाहीत. खाली बसले, आपला कान माझ्या कानाला लावला, चांगला वेळ लावून ठेवला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "हो गं. मुंगसूर लागलाय." आई अंधारातून म्हणाली, "बापलेक दोघंही वेडे." त्यानंतर कितीतरी दिवस तो खेळ चालला, झोपताना मी कान पुढे करायची आणि ते ऐकून सांगायचे, आज काळ्या मुंग्या आहेत, आज लाल. मग मी मोठी झाले आणि शब्द बंद पडला. जगात तीन माणसांना तो माहीत होता आणि त्यातलं एक आता नाही. माझा बाप तीन देशांमधून लिफाफ्यात लपेटून, पत्ता लागू न देता, माझ्यापासून दहा पावलांवरून लिहीत होता आणि त्याने पहिल्याच दमात आपली ओळख टेबलावर ठेवली होती.

मग मी त्याचं सगळं वाचून काढलं. वाचू नये हे कळत होतं. 'घरी मुलगी आहे. ती बोलते ते निम्मं कळतं. अंदाजाने हं म्हणतो. तिला वाटतं मी तुसडा झालोय. वाटू दे. तुसडा म्हातारा घरात चालून जातो, बहिऱ्या म्हाताऱ्याचं करावं लागतं.' हे एक. दुसरं वसंतऋतूवर काहीतरी विनोदी. आणि तिसरं, अगदी अलीकडचं, प्रश्न म्हणून विचारलेलं, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. 'जाणकारांनी सांगावं. माझ्या आईला चाळिशीनंतर डाव्या कानाने ऐकू येईना. मग मला. मी छापखान्यात होतो, मला वाटे मशीनच्या आवाजाने गेला. आता मुलीचं बघतोय. फोन उजव्या कानाला लावते. डावीकडून हाक मारली तर वळत नाही. तिने अजून स्वतःशी तरी कबूल केलंय की नाही देव जाणे. तिचं काम कानाचं आहे. मशीनमुळे असेल तर माझं माझ्यापाशी. रक्तातून असेल तर ते मी तिला दिलं. यासाठी विचारतोय. आणि तिला सांगू कसं?' मी रडले हे सरळ सांगते. कांदा सोलताना रडू येतं त्याचा विनोदही सुचला आणि तरी रडतच राहिले. यासाठी माझ्या बापाने चोरून मोबाइल उपडा ठेवला होता. मी त्याच्यासाठी लॉटरी काढली होती, बाई शोधली होती.

बाहेर जाऊन बोलावं, हा सोपा विचार मला सुचला नाही असं नाही. तो सुचला आणि मी तो बाजूला ठेवला. कारण बाहेरच्या खोलीत 'हं' म्हणणारे अण्णा होते आणि इथे हा उजवा होता, बोलका, मिस्कील, माझ्याबद्दल इतकं काही ठाऊक असलेला. मी बाहेर गेले की हा नाहीसा होणार आणि ते राहणार. मला हा हवा होता. समोर शिवणयंत्र दिसत होतं म्हणून मी 'शिंपी' असं नाव घेतलं, पुरुष झाले, आणि त्याला खाजगी निरोप पाठवला. आपला प्रश्न वाचला, मीही डाव्या कानाचा, असं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, 'शिंप्याला कान कशाला लागतात? सुई टोचली की कळतंच.' मी आतल्या खोलीत हसले आणि बाहेर खुर्ची करकरली. मग ते रोजचंच झालं. जेवताना आम्ही समोरासमोर बसून भाताच्या ढिगाकडे बघत गप्प जेवत असू आणि जेवण झालं की आपापल्या खोलीत जाऊन एकमेकांशी गप्पा मारत असू. मी त्याला छापखान्याबद्दल विचारलं, जे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. मशीन सुरू झाल्यावर पहिला कागद निघतो तो वाचायचा, चूक दिसली तर ओरडायचं, पण आवाजात ओरडणं कुणाला ऐकू जात नाही म्हणून तिथे सगळे ओठ वाचायला शिकतात, असं त्याने लिहिलं. म्हणजे कांद्याचं सगळं त्यांनी माझ्या ओठांवरून घेतलं होतं. मी त्याला विचारलं, बायको गेल्यावर कसं झालं. त्याने लिहिलं, 'ती माझ्या उजवीकडे झोपायची. आता कूस बदलली तरी फरक पडत नाही.' मी लिहिलं, 'खरं आहे.' शिंपी फार काही बोलत नसे.

ग्रंथपाल बाईंच्या व्याख्यानात शेवटी एक वाक्य होतं. हे साधन तुमचा पत्ता लपवतं, तुम्ही आपल्या तोंडाने काय सांगता ते नाही लपवत. ते मी टाइप केलं होतं, स्वल्पविरामासकट. एका सुट्टीच्या सकाळी उजव्याने विचारलं, 'शिंपीदादा, तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं? विचारतो अशासाठी की मुलीलाही तसंच काहीतरी झालं असेल आणि मी तेव्हा शेजारी नसेन.' या प्रश्नाला खोटं उत्तर देववेना. मी खरंच लिहायला घेतलं. रस्ता ओलांडत होतो. डावीकडून गाडी आली ती ऐकू आली नाही, वारा अंगाला लागला तेव्हा कळलं. चालकाने खिडकीतून काहीतरी शिव्या दिल्या, त्याही अर्ध्याच कळल्या. लोक जमले, लागलं का विचारायला लागले. मी हसलो, नाही म्हणालो, पिशवी उचलली, तसाच चालत घरी आलो. दार लावून घेतलं, आणि मग घाबरले.

पाठवलं आणि मगच वाचलं. इतके दिवस गेलो, आलो, म्हणालो अशी मिशी लावून फिरत होते आणि शेवटच्या शब्दावर ती गळून पडली. आपल्या भाषेत माणसाला नुसतं घाबरता येत नाही. घाबरला की घाबरली ते आधी सांगावं लागतं. परत घ्यायची सोय नव्हती. 'नवी ओळख'चं बटण समोर होतं, ते दाबून बर्फातल्या कुठल्याही गावाला निघून जाता आलं असतं, पण तो शब्द मागे तिथेच राहिला असता. मी बसून राहिले. बाहेरच्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या बाबतीत त्याला काही अर्थही नव्हता. साहेबांचा चेहरा आठवला, रेडिओचा आठवला. घरात कळलं की उद्या ऑफिसात कळेल, असा काही नियम नाही, पण मला तो नियम वाटत होता. एकदा तोंडातून निघालं की ते खरं होणार होतं. मग पडद्यावर उत्तर आलं. एरवीपेक्षा लांब होतं.

'शिंपीदादा, पहिला कागद वाचून चूक पकडायची हे माझं काम होतं हे सांगितलंच आहे. शेवटचं क्रियापद तपासा. तसा संशय आधीपासून होता. इतक्या दिवसांत शिंप्याने सुईदोऱ्याचा एकदाही विषय काढला नाही. घाबरू नका असं म्हणत नाही. मीही घाबरलो आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं मनात आहे, एकट्याने धीर होत नाही. मशीन की रक्त ते तेच सांगतील. रक्त निघालं तर मला माफ करा. हे आत्ताच लिहून ठेवतो कारण तोंडावर म्हणता येणार नाही. आपण बरोबर गेलो तर? मी बाहेरच्या खोलीतच बसलो आहे.'

ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मोबाइल मांडीवर, या वेळी उपडा नाही, सुलटा. माझ्याकडे बघत नव्हते. मी दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "अण्णा, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, बऱ्यापैकी हळू. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं बोलले असतील आणि मलाच ऐकू आलं नसेल. मग त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "काय?"

कित्येक महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ते 'हं' म्हणत आले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. आणि उठून पलीकडे गेले असते तर ते माझ्या डावीकडे आले असते. आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसून काही जमण्यासारखंच नव्हतं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते उठले आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्यासमोर आणून ठेवली. गुडघ्याला गुडघे लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तो शांतपणा नव्हता, भीती होती, आणि ती बघून मला बरं वाटलं. खिडकी सताड उघडी होती. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"मला ऐकू येत नाही!" मी ओरडले.

समोरच्या बाईचा हात दोरीवर थांबला.

"मलाही!" अण्णा तितक्याच जोरात ओरडले. आणि मग डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी जायचं, साहेबांना काय सांगायचं आणि कधी सांगायचं, हे सगळं आम्ही तसंच ओरडून ओरडून ठरवलं.